बिनशिंगी व्रत

विस्कॉन्सिनमध्ये लग्न ठरवायचं असेल तर नोव्हेंबरचा शेवट टाळावा. मुहूर्त कितीही चांगला निघाला तरी मुलीकडचे येणार नाहीत, मुलाकडचे येणार नाहीत आणि खुद्द मुलगा येईल याची हमी भटजीही देणार नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा सरकारी हंगाम उघडतो आणि नऊ दिवस चालतो. राज्याची लोकवस्ती साठ लाखांच्या आत. त्यातली पाच लाखांहून जास्त माणसं परवाना काढून रानात शिरतात आणि उरलेली त्यांचे डबे भरतात. या नवरात्रात घरातलं हीटिंग बंद पडलं तर ते दुरुस्त करणारा झाडावर असतो. दाढ दुखली तर दातांचा डॉक्टर शेजारच्या झाडावर असतो. २०१७ साली सरकारने जाणत्या शिकाऱ्याबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी असलेली दहा वर्षांची अट काढून टाकली, तेव्हा वर्षाच्या आतल्या बाळांच्या नावेही परवाने निघाले. ज्याला अजून मान धरता येत नाही त्याला नेम धरायचा परवाना! बारशाला आजोबांनी वाळे करावेत की काडतुसं आणावीत, असा पेच इथल्या काही घरांत खरोखरच पडला असणार.

पण हे नऊ दिवस हौशे, नवशे आणि गवशे अशा सगळ्यांचे. त्यानंतर दहा दिवस ठासणीच्या बंदुकांचे. आणि ते संपले की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास चार दिवसांचा एक हंगाम येतो, त्यात फक्त बिनशिंगी हरणं मारायची. भिंतीवर लावायला शिंगं मिळणार नाहीत, फोटो काढला तर कोणी विचारणार नाही, थंडी उणे पंधरा, आणि महिनाभर गोळ्या ऐकून शहाणी झालेली हरणं दिवसाउजेडी तोंड दाखवत नाहीत. अशा वेळी रानात कोण जातं? आमचे शेजारी जातात. बरोबर मला नेतात.

मला का, तर त्यांचा मेहुणा नोव्हेंबरातच गारठून फ्लोरिडाला निघून गेला आणि मचाण दोघांची आहे. दोघांची मचाण एकट्याला फार थंड पडते, हे त्यांनी मला गांभीर्याने समजावलं. माझ्याकडे परवाना नव्हता, बंदूकही नव्हती. माझ्याकडे थर्मास होता.

आईला व्हिडिओवर हे सांगितलं. साताऱ्यात तेव्हा रात्र होती आणि तिची जप झाल्यानंतरची, कोणाचंही काहीही ऐकून घेण्याची वेळ होती. तरी ती उखडली. "अरे, सीतामाईने एकदाच हरणासाठी हट्ट धरला. पुढे काय झालं ते ठाऊक आहे ना?"

"आई, मी काही मारणार नाहीये. मी नुसता बसणार आहे."

"लक्ष्मणही नुसताच बसला होता," आई म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे हरीण म्हटलं की १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा, वनखात्याची जीप आणि कोर्ट. एका सिनेनटाचं १९९८ सालचं काळवीट प्रकरण पुढच्या पिढीलाही पाठ झालं आहे. इथे सगळं उलट. सरकार हात जोडून म्हणतं, बाबांनो, मारा. शिंगवाल्याच्या मागे धावू नका, माद्या मारा. लांडगे माणसांनी केव्हाच संपवले होते. परत आलेले आहेत ते थोडे आणि तेही बहुतेक उत्तरेत. हरणं झाली पंधरा लाखांच्या वर. ती रात्री मक्याच्या शेतात जेवतात, पहाटे हमरस्त्यावर हजारो गाड्यांच्या पुढ्यात उड्या घेतात आणि सवड मिळाली की आमच्या परसातला घेवडा शेंगांसकट खातात. पहिल्या वर्षी बायकोने त्यांचे फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. दुसऱ्या वर्षी तिने शेजाऱ्यांना विचारलं, तुमचा हंगाम कधी सुरू होतो?

माद्या मारायच्या की नाही हे भांडण इथे जुनं आहे. अल्डो लिओपोल्ड हे या विषयातलं मोठं नाव. मॅडिसनच्या विद्यापीठात १९३३ पासून ते वन्यजीवांचं व्यवस्थापन शिकवायचे आणि हरणं वाढली की आधी रान संपतं, मग हरणं उपाशी मरतात, असं जीव तोडून सांगायचे. १९४३ साली माद्या मारायला मोकळीक मिळाली, लोकांनी भरपूर मारल्या आणि मग त्याच लोकांनी त्या हंगामाला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असं नाव ठेवून खापर लिओपोल्डसाहेबांवर फोडलं. बंदुका लोकांच्या, गोळ्या लोकांच्या, गुन्हा प्राध्यापकाचा. हे वाचलं तेव्हा मला विस्कॉन्सिन एकदम घरचं वाटलं.

आता बंदुकीबद्दल. तिच्याबद्दल आधी सांगितलं नाही तर शेजारी माझ्याशी बोलणं सोडतील.

ती विंचेस्टर ९४ आहे. युटामधल्या ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग नावाचा एक माणूस होता, ज्याला रिकामा वेळ मिळाला की बंदूक सुचायची. ही त्याला १८९४ साली सुचली. पुढच्या वर्षी तिच्यासाठी थर्टी-थर्टी नावाचं काडतूस आलं. पहिला तीस हा गोळीच्या जाडीचा, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले तीस. दुसरा तीस ग्रेन दारूचा. दारू म्हणजे बंदुकीची. विस्कॉन्सिनमध्ये हे स्पष्ट करावं लागतं. नळी फक्त वीस इंच, म्हणून ती कार्बाइन. वजन तीन किलोच्या आसपास. चापाभोवती लोखंडी कडी असते. ती खाली ओढायची आणि वर मिटायची की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. त्याचा जो 'खळ्ळ-खट्' आवाज होतो तो काउबॉय सिनेमा पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. जॉन वेनच्या हातात असायची ती हिची थोरली बहीण, १८९२ची. १९३९ सालच्या 'स्टेजकोच'मध्ये तो ती गरकन फिरवतो. सिनेमाची गोष्ट घडते १८८०च्या सुमाराला, म्हणजे बंदूक जन्माला यायच्या दहाबारा वर्षं आधी. पण आपल्याकडच्या पौराणिक सिनेमात राजाच्या मनगटावर घड्याळ दिसलं तरी आपण हात जोडतोच. तेव्हा सोडून द्यावं.

शेजाऱ्यांच्या बंदुकीचा मोठेपणा निराळाच आहे. "चौसष्टच्या आधीची आहे," असं ते सांगतात आणि थांबतात. समोरच्याने इथे भुवया उंचवायच्या असतात. मला पहिल्यांदा ते माहीत नव्हतं. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी घडवण्याची पद्धत बदलली, जिथे पोलाद कातून भाग करायचे तिथे पत्रा ठोकून करायला लागले, आणि बंदूक बाटली, असं जाणकारांचं मत. साठ वर्षं होऊन गेली, अजून सुतक फिटलेलं नाही. आपल्याकडे त्या वर्षी नेहरू गेले. शेजाऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "एकंदर वाईटच वर्ष होतं." पुढे २००६ साली न्यू हेवनचा मूळ कारखानाही बंद पडला. आता त्या नावाची नवी बंदूक जपानात बनते आणि चांगली बनते असं म्हणतात, पण हे वाक्य शेजाऱ्यांच्या अंगणात उच्चारू नये.

या बंदुका सत्तर लाखांच्या वर खपल्या. दहा लाखावी कंपनीने १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट दिली. कूलिज हे अमेरिकेच्या इतिहासातले सर्वांत कमी बोलणारे अध्यक्ष म्हणून प्रसिद्ध आहेत. मचाणावर बसण्यासाठी इतका लायक माणूस त्या पदावर पुन्हा आला नाही.

आता खोड. हिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकून. नाक टोकदार असेल तर धक्क्याने पुढच्याच्या बुडातली टिकली फुटायची भीती, म्हणून गोळी नकटी. नकटी गोळी हवेत लवकर दमते आणि दीडशे यार्डांच्या पुढे खाली बसायला लागते. शेजाऱ्यांच्या भाच्याकडे आजकालची रायफल आहे, तिच्यावर दुर्बीण आहे. तो तीनशे यार्डांवरून शेताच्या पलीकडच्या कडेचं हरीण टिपतो आणि मग त्याच्यापर्यंत चालत जायचा कंटाळा येतो म्हणून गाडी काढतो. शेजाऱ्यांच्या बंदुकीवर दुर्बीण नाही. त्या जुन्या घडणीत रिकामं काडतूस सरळ वर उडतं, दुर्बीण बसवली तर तिलाच लागायचं. आता ते टोपीला लागतं. नळीच्या टोकाला एक मणी, डोळ्याजवळ एक खाच, आणि मधे शेजाऱ्यांचा मोतीबिंदू काढलेला डोळा. म्हणजे हरणाने साठसत्तर पावलांच्या आत यायला हवं. महिनाभर पाच लाख माणसांनी पाठलाग केलेल्या, उपाशी, संशयी हरणाने आपण होऊन, दिवसाउजेडी, वाऱ्याच्या योग्य बाजूने साठ पावलांवर यावं अशी अपेक्षा धरून पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला शिकारी म्हणायचं की वारकरी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि रानात जायचं कसं, तर सोवळ्यात.

हे मी अलंकारिक बोलत नाही. शेजाऱ्यांचे शिकारीचे कपडे घरात येत नाहीत. ते पडवीत, झाकणाच्या मोठ्या डब्यात, पाइनच्या डहाळ्या घालून ठेवलेले असतात. त्यांना इतरांनी शिवायचं नाही. ते धुवायचा साबण वेगळा, बिनवासाचा. नेहमीच्या साबणात कपडे उजळ दिसावेत म्हणून जे घालतात ते हरणाच्या डोळ्याला निळसर चमकतं म्हणे. नारिंगी रंग मात्र त्याला मातकट दिसतो, त्यामुळे कमरेच्या वर किमान निम्मं अंग झगझगीत नारिंगी हवं या कायद्याची हरणांना काही अडचण नाही. तो कायदा इतर शिकाऱ्यांसाठी आहे. निघायच्या आधी स्नान, तेही बिनवासाच्या साबणाने. कॉफी गाडीत बसून प्यायची नाही, कपड्यांवर सांडते. पेट्रोल भरायचं ते आदल्या दिवशी. माझी आजी ओलेत्याने चुलीकडे जाताना आम्हा पोरांना ज्या नजरेने दूर सारायची, ती नजर मी पुन्हा पाहिली ती विस्कॉन्सिनच्या एका निवृत्त कागद-गिरणी कामगाराच्या चेहऱ्यावर, कारण मी माझा घरातला कोट घालून त्यांच्या गाडीजवळ गेलो होतो.

ते थांबले. माझ्या बाहीचा वास घेतला. मग कॉलरचा घेतला.

"काय आहे हे?"

"फोडणी," मी म्हणालो. "हिंग, मोहरी, थोडी हळद. कालचं वरण."

"मैलभरावरून कळेल," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, थोडा आदरच होता. मराठी घरात राहणाऱ्या माणसाला हरणापासून लपता येत नाही. त्याच्या लोकरीत, केसांत आणि पाकिटात लसूण असतो. मेहुण्याचा डब्यातला जोड मला मिळाला आणि माझा कोट त्यांच्या पडवीत एका खिळ्यावर बाटलेला म्हणून टांगला गेला. वासाचं म्हणाल तर दुकानात हरणीच्या मूत्राच्या बाटल्याही विकायला असतात, नरांना भुलवायला. माजाचा भर नोव्हेंबरातच ओसरतो, डिसेंबरात त्या बाटलीचा उपयोग नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा मी मनापासून निसर्गाचे आभार मानले.

आम्ही गेलो ते राज्याच्या नैर्ऋत्येला, किकापू नदीच्या खोऱ्यात. विस्कॉन्सिनचा बहुतेक भाग हिमनद्यांनी खरवडून सपाट केलेला आहे, पण या कोपऱ्यात त्या पोचल्या नाहीत. म्हणून इथे अजून उभे डोंगर आहेत, घळी आहेत, वर ओक आणि खाली मक्याची कापलेली शेतं. काळोखात चालताना शेजाऱ्यांनी वर पाहिलं नाही, त्यांना वाट पाठ होती. मी पाहिलं. पश्चिमेला मृग मावळतीला आला होता, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच्या डावीकडे व्याध लखलखत होता. इतकी युगं झाली, बाण लागलेला आहे, मृग अजून चालतोच आहे आणि व्याध मागेच. त्याच्याकडेही थर्टी-थर्टीच असावी.

मचाण म्हणजे झाडाला टेकवलेली उंच लोखंडी शिडी, वर दोघांचं बाकडं. पट्टा झाडाला बांधायचा आणि मग बसायचं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला परवानगी असते, त्याच्या बऱ्याच आधी जाऊन बसायचं. बोलायचं नाही. हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. बंदुकीतलं तेल थंडीत घट्ट होतं म्हणून शेजाऱ्यांनी ते आधीच पुसून काढलं होतं. माझ्या गुडघ्यांना तशी काही सोय नव्हती. उजाडलं तसा एक इवलासा चिकडी पक्षी येऊन बंदुकीच्या नळीवर बसला आणि दोघांकडे आळीपाळीने बघून गेला.

इथे एक व्यावहारिक माहिती देतो, कारण ती कुठल्याही शिकारीच्या पुस्तकात नाही. गोठलेल्या रानातल्या शांततेत चिवडा खाता येत नाही. पहिला घास तोंडात टाकला आणि दात मिटले तेव्हा झालेला आवाज घळीच्या पलीकडे जाऊन परत आला. शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसते डोळे मिटले. चकली, कडक बुंदी, भाकरवडी, सगळं बाद. डिंकाचा लाडू वरून गरीब दिसतो, पण डिंक कुठल्या घासाला फुटेल ते सांगता येत नाही. बेसनाचा लाडू मात्र शिकारीसाठीच जन्माला आला आहे. तो टाळूला चिकटतो, आवाज करत नाही आणि चिकटल्यामुळे माणसाला पुढचा अर्धा तास बोलताही येत नाही. शेजाऱ्यांनी एक खाल्ला आणि दुसऱ्यासाठी, बंदुकीवरची नजर न काढता, हात पुढे केला.

तासन्‌तास न बोलता बसलं की माणूस पुराणात शिरतो. शिकारी-सुरक्षेचं शिक्षण इथे १९७३ पासून पुढे जन्मलेल्या शिकाऱ्यांना सक्तीचं आहे. आमच्या मुलाने ते घेतलं, तेव्हा घरात त्याचे चार नियम फ्रिजवर लावले होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी सुरक्षित दिशेला ठेवा. आपलं सावज काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्या. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. यातला तिसरा नियम आपल्या पूर्वजांनी पाळला असता तर आपल्याकडे महाकाव्यंच झाली नसती. दशरथाने घडा बुडल्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि श्रावण गेला. नुसत्या आवाजावर झाडू नये, हे विस्कॉन्सिनच्या वर्गात शिकवतात. पांडूने हरीण म्हणून मारलं ते किंदम ऋषी निघाले. जरा नावाच्या व्याधाला झाडीतून कान दिसला, तो श्रीकृष्णाचा पाय होता. शाप, वनवास, अवताराचा शेवट, सगळं एका नियमापायी. दशरथाला ऐन तारुण्यात शनिवार-रविवारचा वर्ग करायला लावला असता तर श्रावणाचे म्हातारे आईबाप सुटले असते.

या सगळ्यांत नियमाने वागलेला एकच, शिवलीलामृतातला व्याध. तोही झाडावर. हरणं एकामागून एक येतात, घरी जाऊन येते, मुलांना भेटून येते म्हणतात आणि तो जाऊ देतो. रात्रभर जागरण, पोटात काही नाही, बसल्या बसल्या पानं तोडून खाली टाकण्याचा चाळा, आणि खाली पिंडी. शेवटी एकही हरीण न मारता विमानात. सीझनच्या शेवटी कार्बाइन घेऊन बसणाऱ्या माणसाची कुळी इथून सुरू होते, असं माझं मत आहे.

मी या विचारात होतो आणि तो समोर उभा होता.

कधी आला, कुठून आला, कळलं नाही. सकाळपासून वाळक्या पानांत हत्ती चालल्यासारखे आवाज करत होत्या त्या खारी. हरीण आलं ते काही न वाजवता. पंचवीस-तीस पावलांवर, उन्हाच्या पट्ट्यात, आडवा. आठ टोकांची शिंगं. मान जाड, अंगावर नोव्हेंबरच्या मारामाऱ्यांच्या खुणा. शेजाऱ्यांच्या बंदुकीला, मण्याला, खाचेला आणि डोळ्याला हवं होतं अगदी तेवढ्याच अंतरावर. त्यांची बंदूक मांडीवरून हललीही नाही. हंगाम बिनशिंगी. कायद्याने तीन इंच किंवा त्याहून लांब शिंग म्हणजे शिंगवाला; या महाशयांच्या डोक्यावर अख्खं झुडूप होतं.

त्याला ते ठाऊक होतं. हे मी शपथेवर सांगतो. त्याने वर पाहिलं, मचाण पाहिली, नारिंगी पाहिलं, म्हणजे मातकट पाहिलं, आणि पुढचा पाय आपटला. आम्ही गप्प. त्याने पुन्हा आपटला. मग पाठ फिरवली, बर्फाखालची ओकची दोनचार फळं उकरून चावत उभा राहिला, माझ्या चिवड्यापेक्षा मोठ्या आवाजात, आणि जेवण झाल्यावर सावकाश चढ चढून गेला. पंधरा मिनिटं तरी होता. नोव्हेंबरभर ज्याच्या मागे सगळा मुलूख धावत होता तो सरकारी संरक्षणात नाश्ता करून गेला.

"सोडलात," मी कुजबुजलो.

"मी नाही सोडला," शेजारी म्हणाले. "खात्याने सोडला."

व्याधाला हरीण सोडल्याचं पुण्य मिळालं. कायद्यामुळे सोडलेल्या हरणाचं पुण्य राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यात जमा होतं, असं दिसतं.

अंधार पडायच्या सुमाराला उतरलो. गाडीत भरलेली बंदूक ठेवता येत नाही, आणि ही जुनी बंदूक रिकामी करायची तर कडी ओढत एकेक काडतूस बाहेर उडवावं लागतं. दिवसभर ज्याने श्वासही जपून घेतला तो माणूस आता रानाच्या मधोमध उभा राहून खळ्ळ-खट्, खळ्ळ-खट् करत होता, काडतुसं टोपीवरून बर्फात पडत होती आणि मी ती विजेरीने शोधत होतो. तेवढ्यात शेताच्या कडेला चार माद्या ओळीने आल्या आणि मक्यात शिरल्या. आम्ही पाहिल्या. त्यांनीही पाहिलं. वेळ संपलेली होती.

हरीण मिळालं का, असं सगळे विचारतात, म्हणून सांगतो. मिळालं. शेवटच्या दिवशी, शेजारी एकटे गेले असताना, पन्नास पावलांवर, एका गोळीत. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो आणि मीटिंगमध्ये काही घडलं नाही. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन करावी लागते. ती त्यांनी आमच्या मुलाकडून करून घेतली. मग डोकं तपासणीला. हरणांना होणारा एक मेंदूचा जीवघेणा रोग या राज्यात २००२ साली सापडला आणि याच बाजूला तो जास्त आहे, म्हणून ठिकठिकाणी पेट्या ठेवलेल्या असतात, त्यांत डोकं टाकून चिठ्ठी भरायची. अहवाल येईपर्यंत मांस खायचं नाही. आमच्या वाट्याचा खिमा फ्रीझरमध्ये आणि बायको रोज विचारणार, निगेटिव्ह आला का? निगेटिव्ह आला. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते आणि जी असते ती मेणासारखी टाळूला बसते. ती आधी काढून टाकावी, खिम्याला तूप सढळ घालावं आणि वाटणात खोबरं भाजून घ्यावं. शेजाऱ्यांनी दोनदा वाढून घेतला. घाम पुसत त्यांनी विचारलं, हे कोटाला होतं तेच का?

तुम्ही हिवाळ्यात या बाजूला मुलाकडे-मुलीकडे येणार असाल तर एक विनंती आहे. सकाळी रानाकडेला फिरायला जाताना पांढरी शाल, पांढरी कानटोपी आणि पांढरे हातमोजे घरी ठेवा. पळणाऱ्या हरणाची वर केलेली शेपटी पांढरीच दिसते आणि इथे सगळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेले नाहीत. अंगात नारिंगी जाकीट घाला. नारिंगी रंग खुलत नसेल तर झगझगीत गुलाबी घ्या. २०१६ सालापासून शिकारीत तोही कायद्याला चालतो, आणि तशी परवानगी देणारं विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं पहिलं राज्य आहे.